एका शिवणीचा कोट

बालेन्सियागा हे नाव तुमच्यापर्यंत पोचलं असेल तर बहुतेक एखाद्या मीममधूनच. कचऱ्याच्या पिशवीसारखी दिसणारी चामड्याची बॅग, मुद्दाम फाडून-मळवून विकायला ठेवलेले कॅनव्हासचे बूट (दोन्ही २०२२ मधले), आणि खाली ‘हे लोक आपल्याला येडं समजतात का’ अशा अर्थाच्या कमेंटची रांग. माझीही ओळख तशीच झाली. या नावाचा एक हाडामांसाचा माणूस होता, तो शिंप्याच्या दुकानात उमेदवारी करून वर आला होता, आणि त्याने १९६८ मध्ये स्वतःच्या हाताने स्वतःचं दुकान बंद केलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. आजच्या ब्रँडकडे त्याचं नाव आहे. पत्ताही तोच आहे, पॅरिसमधला दहा, अव्हेन्यू जॉर्ज सँक. बाकी काय उरलंय हा वेगळा विषय.

मला लिहायचंय ते त्याच्या कोटांबद्दल, आणि त्यातही १९६१ मधल्या एका कोटाबद्दल. हा कोट कापडाच्या एकाच तुकड्यातून बेतलेला आहे आणि त्याला एकच शिवण आहे. खांद्यावर जोड नाही. बाही अंगाला जिथे लावतात त्या मुंढ्यालाही जोड नाही. बाही निराळी नाहीच, ती अंगातूनच निघते. बालेन्सियागावर लिहिणारे लोक या कोटापाशी आले की त्यांचा आवाज जरा खाली जातो, देवळात जातो तसा. आणि मग हमखास एक शब्द येतो: मिनिमलिझम.

या शब्दावर माझा राग आहे. ‘कमी म्हणजे सुंदर’ हे आता इतक्यांनी इतक्या वेळा विकलंय की पांढऱ्या भिंतीसमोर ठेवलेल्या कुठल्याही बेज वस्तूला तो शब्द चिकटतो. बालेन्सियागाच्या कोटात काहीतरी कमी केलेलं आहे असं मला वाटत नाही. काहीतरी हलवलेलं आहे. ते कुठून कुठे हलवलं, हे बघायला मी एक उद्योग केला.

रद्दीतल्या वर्तमानपत्राची पानं चिकटपट्टीने जोडून मी मोठा कागद केला, खांद्याच्या रेषेवर घडी घातली आणि लहान मुलं चित्रात सदरा काढतात तसा, हात पसरलेल्या माणसासारखा आकार कापला. खांद्यावर घडी असल्यामुळे तिथे जोड लागत नाही. समोरून उघडायला मधोमध एक चीर. आता उरली ती मनगटापासून काखेपर्यंत आणि काखेपासून खालच्या घेरापर्यंत जाणारी कड. ती डावीकडे एकदा आणि उजवीकडे एकदा जोडावी लागते. म्हणजे दोन शिवणी. जगभरातले कित्येक जुने अंगरखे, झगे, किमोनो याच तत्त्वावर उभे आहेत, आणि दोन शिवणी हे काही वाईट उत्तर नाही.

दोनावरून एकावर यायला मात्र मला पूर्ण रविवार लागला. बाही ही शेवटी नळी असते. सपाट कागदाची नळी करायची तर कुठेतरी कडेला कड भिडवावी लागणारच. नळ्या दोन आणि शिवण एक, याचा अर्थ ती शिवण एका बाहीतून निघून, अंगावरून फिरून, न तुटता दुसऱ्या बाहीत पोचली पाहिजे. मग कापडाचा आकार सदऱ्यासारखा राहत नाही. तो विचित्र होतो, पंख अर्धे मिटलेल्या पाखरासारखा, आणि तो टेबलावर पसरलेला पाहून हा कोट होणार आहे असं कुणी म्हणणार नाही. चौथ्या प्रयत्नात माझा कागदी कोट एका शिवणीत बंद झाला. अंगात घातल्यावर तो सिमेंटच्या गोणीसारखा दिसत होता. काखेत टोक निघालं होतं, मानेमागे फुगा आला होता आणि हात खांद्याच्या वर जात नव्हता. हे कोडं सोडवण्याचं समाधान मिळालं, पण कोडं सुटलं म्हणून कोट झाला नव्हता.

कारण कागद वाकतो पण ताणला जात नाही. कापडाचं तसं नसतं. उभ्या धाग्यावर ओढलं तर ते अडून बसतं, आणि उरेब धरलं, म्हणजे तिरकं, तर लांबतं, लोंबतं, अंगावरून वाहतं. एकाच तुकड्यातून अख्खा कोट काढायचा म्हटलं की धाग्याची दिशा जागोजाग बदलत जाते. समोर उभा धागा असेल तर बाहीवर किंवा पाठीवर तो तिरका येणार. साध्या शिंप्याला हा त्रास वाटतो. तो तुकडे वेगवेगळे कापून प्रत्येकाचा धागा आपल्याला हवा तसा लावून घेतो, शिवण असते ती त्यासाठीच. बालेन्सियागाने शिवणी काढून टाकल्या आणि त्यांचं काम धाग्याच्या दिशेवर टाकलं. पाठ कुठे सैल पडेल आणि बाही कुठे वळेल हे कापड टेबलावर तिरकं किती फिरवलं यावरून ठरणार. कात्री लावण्याआधीच बराचसा कोट झालेला असतो, किंवा बिघडलेला असतो.

बाकीचं काम इस्त्रीवर. लोकरीला वाफ दिली की ती आकसते, ओढली की पसरते, आणि थंड झाली की तो आकार धरून बसते. चांगले टेलर इस्त्रीने सपाट कापडात गोलाई आणतात. शिवाय टक्स आहेत. एका शिवणीच्या कोटालाही टक्स आहेत, आणि टक्स म्हणजे कापडाला चिमटा काढून मारलेली टीपच. तेव्हा ‘एकच शिवण’ हे थोडंसं हिशेबाचं काम आहे. दोन वेगळ्या कडा जोडणारी ती शिवण, कापड स्वतःतच दुमडून मारलेली ती नव्हे, अशी व्याख्या धरली तर एक. ही व्याख्या चुकीची नाही, पण ती सोयीची आहे हे म्हणायला हरकत नसावी. आमच्या धंद्यातही पन्नास ओळींचं काम एका ओळीत लिहून दाखवणारे लोक असतात. ती एक ओळ बघून सगळे वा म्हणतात, आणि सहा महिन्यांनी तिच्यात बदल करायची वेळ आली की ज्याच्या गळ्यात ते काम पडतं तो बिचारा रात्री बसून ती उसवत असतो.

ही तुलना मला बरेच दिवस पटली होती. एका शिवणीचा कोट म्हणजे शिंपीकामातली फुशारकी, असं मी ठरवूनही टाकलं होतं. मग आत्यामुळे मत बदललं.

आत्या ब्लाउज शिवायला टाकते तेव्हा टेलरना न चुकता सांगते, ‘भाऊ, आतून माया ठेवा हं.’ माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. उद्या अंग भरलं तर शिवण उसवून तेवढं बाहेर सोडता येतं. मराठीत या गोष्टीला इतका नेमका शब्द आहे याचा मला दरवेळी आनंद होतो. शिवणी जितक्या जास्त तितक्या ठिकाणी माया ठेवता येते. म्हणून माझा पहिला आक्षेप हाच होता: ज्या कोटाला एकच शिवण आहे त्यात माया कुठे ठेवणार? बाई जाड झाली, वाकली, म्हातारी झाली की कोट संपला?

तसं होत नाही, आणि का होत नाही यातच या माणसाचं पंचवीस-तीस वर्षांचं काम आहे. त्याने माया शिवणीच्या आतून काढून अंग आणि कापड यांच्या मधल्या जागेत ठेवली. कोट अंगाला चिकटतच नाही. तो खांद्यांवर आणि मानेच्या मुळाशी टेकतो आणि तिथून पुढे स्वतःच्या वजनाने आणि ताठपणाने खाली येतो. आत अंगाने काय हवं ते करावं. पाच किलो वजन वाढलं तरी बाहेरचा आकार तोच.

हे त्याला एका झटक्यात सुचलेलं नाही. १८९५ मध्ये स्पेनच्या बास्क किनाऱ्यावर गेतारिया नावाच्या मच्छीमारांच्या गावात क्रिस्तोबाल बालेन्सियागा जन्मला. वडील समुद्रावरचे, ते तो लहान असतानाच गेले. आई शिवणकाम करून घर चालवायची आणि गावात उन्हाळ्याला येणाऱ्या एका मार्केसाबाईंचे, म्हणजे सरदार घराण्यातल्या बाईंचे, कपडे शिवायची. बारा वर्षांचा असताना तो सान सेबास्तियानमध्ये टेलरकडे शिकायला लागला. पुढे तिथेच स्वतःचं दुकान, मग माद्रिद, बार्सिलोना. १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं आणि १९३७ मध्ये पॅरिसमध्ये त्याचं दुकान उघडलं. पॅरिसच्या बड्या डिझायनरांपैकी बरेचजण कागदावर चित्र काढायचे आणि पुढचं काम कारागिरांवर सोपवायचे. हा स्वतः बेतायचा, कापायचा, शिवायचा, उसवायचा. उसवायचा जास्त. बाहीवरून त्याच्या हट्टाच्या अनेक गोष्टी सांगतात: तयार झालेल्या कपड्याची बाही मनासारखी बसली नाही की ती काढून पुन्हा लावायची, पुन्हा काढायची.

१९४७ च्या फेब्रुवारीत ख्रिश्चन दिऑरने आपलं पहिलं कलेक्शन दाखवलं आणि युद्धाच्या काटकसरीला कंटाळलेलं जग त्याच्या मागे लागलं. चिमटलेली कंबर, पॅड लावलेले नितंब, मीटरच्या मीटर घेर. ते कपडे सुंदर होते यात वाद नाही. पण त्यांचा मूळ करार असा होता की आकार आधी ठरलेला आहे आणि अंगाने त्यात जाऊन बसायचं. कंबर नसेल तर आतून आवळून करायची. बालेन्सियागा त्या वर्षांत उलट दिशेने, अगदी सावकाश, चालत होता. १९५१ मध्ये त्याने एक सूट दाखवला: समोरून अंगालगत, पाठीमागे सुटा. १९५३ मध्ये फुग्यासारखं जाकीट. १९५५ मध्ये कमरेला न आवळलेला सरळ ट्यूनिक. १९५७ मध्ये सॅक ड्रेस, ज्यात कंबर नावाची गोष्टच नव्हती. वर्तमानपत्रांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. बाईने पोतं घातलंय, आत काय आहे ते कळत नाही, अशी ती तक्रार होती. तक्रारीतला दुसरा भाग मला महत्त्वाचा वाटतो. कळत नाही, हेच तर.

कोटांमध्ये हे सगळं एकत्र येतं आणि मोठं होतं. पाठ मानेपासून सुटून मागे झुकते. कॉलर मानेला न टेकता चार बोटं दूर उभी राहते, किमोनोची राहते तशी, त्यामुळे मान लांब दिसते आणि मोत्यांच्या माळेला जागा मिळते. बाह्या मनगटाच्या वरच संपतात, म्हणून हात बारीक दिसतात आणि बांगडी दिसते. वरून बघितलं तर या युक्त्या दागिने दाखवण्यासाठीच आहेत, आणि होत्याही. गिऱ्हाइकं कोण होती ते विसरून चालणार नाही. पण मान आणि मनगट हे अंगाचे असे दोन भाग आहेत की जे वजनाने त्यामानाने कमी बदलतात. तेवढेच उघडे ठेवायचे आणि बाकी सगळं एका मोठ्या, शांत आकाराच्या आड न्यायचं. इतका विचारपूर्वक केलेला आडोसा मी दुसऱ्या कुठल्या कपड्यात पाहिलेला नाही.

यावर कुणीतरी साडीचं नाव काढणार. न कापलेलं, न शिवलेलं कापड आपल्याकडे कधीपासून आहे, त्यात काय मोठं? माझ्याही डोक्यात ते आलं होतं, पण ही तुलना दोन पावलांपुढे जात नाही. साडीचा आकार रोज सकाळी नेसणारीच्या हातात तयार होतो आणि रात्री पुन्हा सपाट होतो. चूक झाली तर परत निऱ्या घालायच्या. बालेन्सियागाच्या कोटात घालणारीला काही करायचंच नसतं. सगळे निर्णय दुसऱ्या कुणीतरी आधीच घेतलेले आहेत. ते इतके चांगले घेतलेले आहेत की तिला त्यांचा जाच होत नाही, हे खरं. पण ते तिचे नाहीत.

आता ‘शिल्पासारखा’ या विशेषणाकडे. मिनिमलिझमनंतर दुसरं तेच येतं. कोट कापडाचा असूनही उभा राहतो, त्याला बाहेरून फिरून बघावंसं वाटतं, म्हणून शिल्प. १९५८ मध्ये झुरिकच्या आब्राहम या कापड कंपनीच्या गुस्ताव झुमस्टेगबरोबर त्याने गझार नावाचं रेशमी कापड घडवून घेतलं. घट्ट पीळ दिलेल्या धाग्याचं, वजनाला हलकं आणि तरी ताठ. सूती साडीला खळ घातल्यावर ती जशी अंगापासून फटकून उभी राहते, तसं हे खळ न घालता राहतं. १९६७ चा गझारमधला त्याचा लग्नाचा पोशाख, डोक्यावरच्या त्या मोठ्या टोपासकट, फोटोत बघितला तर तो कापडाचा आहे यावर विश्वास बसायला वेळ लागतो. आयर्विंग पेनने १९५० मध्येच त्याच्या एका बाहीचा फोटो काढला होता आणि नावही ‘बालेन्सियागाची बाही’ असंच दिलं होतं. बाई त्या फोटोत आहे, पण विषय बाही आहे.

इथे मला त्याच किनाऱ्यावरचा आणखी एक माणूस आठवतो. होर्खे ओतेइसा, शिल्पकार, जन्म १९०८, गाव ओरियो. गेतारियापासून काही मैलांवर. ओतेइसा दगडाला आणि लोखंडाला भोकं पाडत पाडत अशा ठिकाणी आला की शिल्पात वस्तू महत्त्वाची नाही, तिने वेढलेली पोकळी महत्त्वाची, असं त्याचं ठाम मत झालं. १९५७ मध्ये साओ पाउलोच्या बिएनालेत त्याला शिल्पकलेचं मोठं बक्षीस मिळालं. पुढच्या वर्षी त्याने लोखंडी पत्र्याच्या रिकाम्या पेट्या केल्या, आणि १९५९ मध्ये शिल्पं करणंच थांबवलं. प्रयोग संपला, म्हणाला. दोघांनी एकमेकांवरून काही घेतलं असं मला म्हणायचं नाही. पण तीच वर्षं, तोच किनारा, आणि दोघेही बाहेरच्या कवचापेक्षा आतल्या रिकाम्या जागेचा विचार करतायत. १९६५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये डोनाल्ड जड वगैरेंच्या कामाला मिनिमल हे नाव चिकटलं, त्याच्या आधीची ही गोष्ट आहे. म्हणून तो नंतरचा शब्द आणून या कोटांना लावला की मला ते उलट्या बाजूने टीप मारल्यासारखं वाटतं.

आणि तरीही शिल्प हा शब्द मला पुरत नाही. ओतेइसाच्या पेटीत कुणी राहत नाही. कोटातली पोकळी भाड्याने दिलेली आहे, तिच्यात एक बाई आहे, ती मोटारीत बसते, जिने चढते, तिला घाम येतो. संग्रहालयात हे कोट पुतळ्यांवर चढवतात तेव्हा ते भव्य दिसतात आणि थोडे मेल्यासारखेही. पुतळा हात वर करत नाही. मुंढा नसलेली बाही हात वर केल्यावर काय करते, काखेत किती कापड गोळा होतं, पाठ किती उचलली जाते, खरी परीक्षा ती. जुन्या सदऱ्यांच्या काखेत एक चौकोनी तुकडा जोडलेला असायचा तो याचसाठी, हात वर जावा म्हणून. बालेन्सियागाही बाही अंगातूनच काढतो तेव्हा अनेक कपड्यांत तसा तुकडा लावतो, हात खाली असताना दिसणार नाही अशा ठिकाणी. शिल्पकाराला याची गरज पडली नसती. ही शिंप्याची अक्कल आहे, आणि तिला शिल्पाच्या पंगतीला बसवून तिचा मान वाढतो असं मला वाटत नाही.

२०१७ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये त्याच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. त्यासाठी निक व्हीझी या फोटोग्राफरने काही पोशाखांचे एक्स-रे काढले. मी ते स्क्रीनवरच पाहिले, पण तासभर पाहिले. बाहेरून हवेसारख्या वाटणाऱ्या कपड्यांच्या आत हाडं आहेत, कड्या आहेत, कापड जागेवर राहावं म्हणून लावलेली वजनं आहेत. हे मुख्यतः संध्याकाळच्या झग्यांचं; कोट त्यामानाने खरेच आतून मोकळे. पण ते एक्स-रे बघून मला एक गोष्ट कायमची कळली. त्याच्याकडे साधेपणा ही निष्ठा नव्हती. लेस, मणी, झालरी, भरतकाम, बैलझुंजीच्या जाकिटावरचा गोंडेदार साज, जुन्या चित्रांतल्या राजकन्यांचे घेर, सगळं त्याने केलंय आणि शेवटपर्यंत केलंय. आपण त्यातले साधे कोट तेवढे उचलतो, कारण ते आपल्या काळाच्या डोळ्याला बरे दिसतात, फोनच्या पडद्यावर छान बसतात. भरजरी बालेन्सियागाला लाइक कमी मिळतात.

आणखी एक गोष्ट या साध्या कोटांच्या फोटोत दिसत नाही. १९६० मध्ये बेल्जियमची राणी झालेल्या फाबिओलाचा लग्नाचा पोशाख त्याने केला. ती त्या गेतारियाच्या मार्केसाबाईंच्याच घराण्यातली. ती निष्ठा समजण्यासारखी आहे. पण १९७२ मध्ये, दुकान बंद करून चार वर्षं झाल्यावर, त्याने ज्या लग्नासाठी पुन्हा कात्री हातात घेतली ते हुकूमशहा फ्रँकोच्या नातीचं होतं. मार्चमध्ये लग्न झालं आणि त्याच महिन्यात तो गेला. फ्रँकोची बायकोही त्याची जुनी गिऱ्हाईक. ज्याच्या राजवटीत त्याच्या स्वतःच्या बास्क भाषेची मुस्कटदाबी झाली, त्याच्या घरातला हा पोशाख. याबद्दल तो जाहीरपणे काही बोलला नाही. तसा तो कशाबद्दलच बोलला नाही. सगळ्या आयुष्यात नीटशी मुलाखत दिली ती एकच, १९७१ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’ला. त्याच्या या मौनाचंही कौतुक होतं, कोटांसारखंच, काही कमी केलेलं म्हणून. मला वाटतं तिथेही काहीतरी हलवलेलंच आहे.

मग हा आडोसा कुणासाठी होता? मोना बिस्मार्क, ग्लोरिया गिनेस, बार्बरा हटन. जगातल्या सगळ्यात श्रीमंत बायका. (मोना बिस्मार्क बागकामाच्या चड्ड्यासुद्धा त्याच्याकडून शिवून घ्यायची.) पोट दिसू नये, वय दिसू नये, लोकांनी नजरेने मोजू नये, ही इच्छा काही श्रीमंत बायकांचीच नसते. लोकल पकडणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. पण ती इच्छा इतक्या अकलेने पुरी करणारा कपडा मूठभर बायकांना मिळाला. त्यावर उपाय म्हणजे तयार कपडे, आणि तिथे बालेन्सियागाचं घोडं अडलं. एअर फ्रान्सच्या हवाईसुंदऱ्यांचा गणवेश त्याने शेवटी केला, तो १९६९ मध्ये वापरात आला, पण तोवर दुकान बंद झालं होतं. एकेका बाईचा खांदा हाताने चाचपून बाही लावणाऱ्या माणसाला साइजच्या तक्त्यावरून कपडे बेतणं जमण्यासारखं नव्हतंच. १९६८ मध्ये त्याने दार लावलं तेव्हा शेकडो कारागिरांचं काम गेलं. आमची पिढी त्या निर्णयाला तत्त्वनिष्ठा म्हणते. त्या शिवणाऱ्या बायका काय म्हणाल्या असतील ते मला जास्त ऐकायला आवडलं असतं.

मला यातून आडोशाची कल्पना मात्र सोडवत नाही. कपडा अंग दाखवण्यासाठी असतो किंवा झाकण्यासाठी असतो, या दोन टोकांतच आपण भांडत असतो. हा माणूस तिसरंच काहीतरी करत होता. तो अंगाभोवती थोडी मोकळी हवा शिवत होता, जी त्या बाईच्या मालकीची राहील. आजचे ओव्हरसाइझ कोट आणि हुडी याच हवेचे वारस आहेत असं ब्रँड म्हणतो. अर्धवट खरं आहे. मोठ्या मापाचा कपडा घातला की हवा मिळते, पण ती कुठे असावी हे कुणी ठरवलेलं नसतं. ती काखेत आणि पोटावर साचते, पाठीवर जिथे हवी तिथे नसते. माझ्या वर्तमानपत्राच्या कोटात हवा भरपूर होती.

त्याच्या शोंच्या जुन्या फिल्म ऑनलाइन सापडतात. संगीत नाही. मॉडेल हातात नंबराचं कार्ड धरून येते, कुणाकडे बघत नाही, हसत नाही. रूढ अर्थाने देखण्या नसलेल्या मुली तो मुद्दाम निवडायचा. ती कोट घालून खोलीच्या टोकाशी जाते आणि वळते. एक क्षण ती वळलेली असते आणि कोटाची पाठ अजून वळायची असते. मग पाठ येते, सावकाश, आणि जागेवर बसते. आवाज नाहीच म्हणून मी तो तुकडा म्यूट न करता ऑफिसच्या बसमध्ये सात-आठ वेळा पाहिला.